इकबालभाईंची चाळण

इकबालभाईंच्या दुकानात पाऊल टाकलं की ते आधी विचारतात, "आज काय वाचलंस?" आपण काहीही सांगितलं तरी उत्तर ठरलेलं. "फोलपट हाय गड्या!"

वडूजला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा लॅपटॉप पोट उघडून पडलेला, आणि हे आपल्या पडद्यात डोकं घालून ब्लॉग वाचत बसलेले. मराठीतले सापडतील तेवढे ब्लॉग एका जागी ओढून आणायचे, प्रत्येक लेखाला दहापैकी गुण द्यायचे आणि चांगला तेवढा वर ठेवायचा, असा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलाय. त्याला ते चाळण म्हणतात. लेख 'मित्रांनो'नं सुरू झाला की गुण कापले. उद्गारचिन्हांची रांग लागली की आणखी कापले. पाचाच्या खालचं पडद्यावर येतच नाही.

हल्ली पडदा बहुतेक रिकामाच असतो. चांगले लिहिणारे एकेक करून गप्प झाले. उरलेल्यांचं सगळं एकाच यंत्रातून काढल्यासारखं. "समदं शिवार तणानं भरलं रं," म्हणत इकबालभाई कपाळाला हात लावतात.

एकदा मी वैतागून म्हणालो, "आवं, जरा सैल करा की चाळण."

"मग मी वाचू कशाला?"

मागे प्रिंटर न्यायला गेलो, तर पडद्यावर एकच लेख होता. शेपूच्या भाजीवरचा, जुना, अगदी साधा.

"हा कसा काय पास झाला?"

"सलमाचा हाय."

सलमा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन कडेगावला गेली.

"नवीन घरात करमंना, म्हणून लिवायला लागली. हा पयला लेख मला कौतुकानं धाडला. मी चाळणीत टाकला. तीन पडले."

"मग?"

"मग काय? तीन पडले म्हणून कळवलं की तिला."

त्यानंतर सलमानं एक ओळ लिहिली नाही. इकबालभाईंनी मग प्रोग्रॅमच बदलला. तिच्या ब्लॉगला कुठलाच नियम लागू नाही. ती काहीही लिहो, ते सगळ्यात वर.

"हे तिला सांगितलंत का?"

"व्हय. फोन केलता. चुकलं म्हणलो."

"काय म्हणाली?"

ते माझ्या प्रिंटरची वायर गुंडाळायला लागले.

"म्हणली, आता करमतंय मला, अब्बा. तुमी जेवला का?"