जरा आवळून ठेवतो

सासरेबुवांनी फोनवर जाहीर केलं की आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा स्कूटर दोन जावयांपैकी एकाला देऊन टाकायची. कोणाच्या हाताला दुरुस्तीची सवय आहे ते येऊन बघणार आणि मगच ठरवणार. स्कूटर म्हणजे सासरेबुवांचं तिसरं अपत्य, आणि दोन्ही मुलींच्या मते सर्वांत लाडकं. धाकट्या जावईबापूंचा तिच्यावर लग्नापासून डोळा होता. (लग्नाच्या फोटोत ते नवरीला सोडून भलतीकडे बघताहेत, ते यामुळेच.)

अडचण एवढीच की जावईबापू रेकॉर्ड ऑफिसात कारकून. हत्यार म्हणून आयुष्यात चालवलं ते स्टेपलर, तेही अधूनमधून स्वतःच्या अंगठ्यावर. ते तडक हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"गाडीच्या आणि घरातल्या दुरुस्तीला लागेल ते द्या."

"काय बिघडलंय?" दुकानदाराने विचारलं.

"अजून काही नाही."

असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. दुकानदाराने पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, जॅक असं करत करत एक पेटी गच्च भरली. ती घरात आणताना जावईबापूंची कंबर धरली, पण छाती फुगलेली होती.

आणि पेटी आली त्या दिवसापासून घरातल्या वस्तूंनी बिघडायचंच बंद केलं. मिक्सर फिरायचा, पंखा गार वारा द्यायचा, गाडी एका झटक्यात सुरू व्हायची. जावईबापू हातात पाना घेऊन या खोलीतून त्या खोलीत हताश फिरायचे. शेवटी त्यांना एक दुरुस्ती सापडली, जिला वस्तू बिघडलेली असावी लागत नाही. आवळणं. खोललेली वस्तू पुन्हा जोडावी लागते, आवळायला तसलं झंझट नाही.

"जरा आवळून ठेवतो," असं म्हणत त्यांनी नळ आवळले, कड्या आवळल्या, दारांच्या बिजागऱ्या आवळल्या. बायकोचं शिलाई मशीन आवळलं, तेव्हापासून ते एकाच जागी टाके घालतं. रविवारी तर ते गाडीच्या चाकाच्या नटांवर पाना लावून त्या पान्यावर चक्क उभे राहिले. बायको गॅलरीतून बघत होती. तिने कपडे वाळत घातले आणि आत गेली.

सासरेबुवा आले त्या सकाळी दोघं नवराबायको त्यांना स्टँडवरून घेऊन येताना गाडी पंक्चर झाली. जावईबापूंना इतका आनंद झाला की तो लपवताना त्यांना खोकला आला.

"बाबा, तुम्ही बसून राहा. आत्ता स्टेपनी लावतो."

पेटी उघडली, पाना लावला, जोर केला. नट जागचा हलेना. पाय दिला, हलेना. पान्यावर उभे राहिले, पान्यावर उड्या मारल्या. गाडी तेवढी डोलली, आणि आत बसलेले सासरेबुवाही. अखेर बायकोने जवळच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला फोन करून बोलावलं. त्याने पान्याला लांबलचक पाइप जोडला, घामाघूम होऊन एकेक नट काढला आणि कपाळ पुसलं.

"कोणी आवळले हो हे? माणूस होता की रेडा?"

"गॅरेजवाला," जावईबापू म्हणाले. "आमच्या भागातला. अगदी अडाणी आहे."

"म्हणूनच माणसाने स्वतःच्या हाताने काम करावं," सासरेबुवा म्हणाले.

"मी तेच म्हणतो, बाबा."

बायकोने मेकॅनिकचा नंबर फोनमध्ये जपून ठेवला.

घरी येऊन सासरेबुवांनी हातपाय धुतले आणि बाथरूमचा नळ गळतोय म्हणाले. (अति आवळल्याने आतलं रबर चेपलं होतं, पण हे जावईबापूंना कुठलं माहीत.) गेलेली अब्रू परत मिळवायची हीच संधी होती. पेटी घेऊन ते बाथरूममध्ये शिरले आणि कोणी बघू नये म्हणून आतून कडी लावली. कडी मोठ्या मुश्किलीने लागली. उघडायला गेले तर उघडेचना.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला. "जावईबापू, अडकलात काय? हत्यारं आहेत ना तुमच्याकडे?"

"सगळी आहेत, बाबा," आतून क्षीण उत्तर आलं.

बायकोने पुन्हा त्याच मेकॅनिकला बोलावलं. तो बिजागरीचे स्क्रू काढायला बसला. एक हलला नाही, दुसरा हलला नाही. तिसऱ्याला त्याने हात थांबवला.

"ताई, सकाळच्या गाडीचा तो गॅरेजवाला तुमच्या घरीपण येतो का?"

"येतो कसला," बायको म्हणाली. "दोन्ही वेळा जेवायला इथेच असतो. आत्ता आत आहे."

बाहेर सासरेबुवांना हसू आवरेना. दार निघाल्यावरही जावईबापू बराच वेळ आतच थांबले. नळ बघतोय, म्हणाले.

स्कूटर शेवटी याच घरी आली, पण लेकीच्या नावावर. पेटी सासरेबुवांनी जाताना थोरल्या जावयासाठी उचलून नेली. आता बायको स्कूटर चालवते आणि जावईबापू मागे बसतात. डावीकडचा आरसा किंचित हलतो. तो बघून त्यांचे हात शिवशिवतात, म्हणून बायको निघताना भाजीच्या दोन पिशव्या त्यांच्या दोन्ही हातांत देते. बाजाराला जातानासुद्धा, रिकाम्या.