क्रमांक तेवीस, वय वर्षं चार

बांबूच्या मापाचं जाकीट क्लबकडे नव्हतं. जिम्नॅस्टिक्सच्या पहिल्या पातळीची जाकिटं सहा ते नऊ वर्षांच्या पोरांसाठी शिवलेली असतात. बांबूचं वय चौदा वर्षं आणि साडेदहा महिने, उंची दाराच्या कडीला कपाळ टेकेल एवढी. शेवटी क्लबातल्या सरांनी स्वतःचंच एक जुनं जाकीट काढून दिलं. ते अंगात नेमकं बसलं. फक्त पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘प्रशिक्षक’ असं छापलेलं होतं.

“त्यावर निळ्या कापडाचा तुकडा लावते,” आई म्हणाली. ती घरातच पाळणाघर चालवायची. आत्ताही एक पोर तिच्या मांडीवर आणि दुसरं पाठीवर होतं.

“टाके पक्के घाल.”

“एवढ्या पोरांच्या चड्ड्यांना बटणं लावलीत मी. तू मला शिकवू नकोस.”

आठ महिन्यांपूर्वी बांबू पाळणाघरातल्या लिंबूला क्लबात सोडायला गेला होता. लिंबू सात वर्षांचा, नावासारखाच गोल. त्याला सोडून परत यायचं, एवढंच काम होतं. बांबू तिथेच उभा राहून तासभर बघत राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून लिंबूच्या मागे रांगेत उभा राहिला. मामा म्हणाला, “मिसरूड फुटल्यावर कोलांट्या कसल्या मारतोस?” शाळेतल्या मित्रांनी तर ताळच सोडला. पण बांबूने एकदा मनावर घेतलं की घेतलं.

अडचण वेगळीच होती. पंधरा पूर्ण झाल्यावर पहिल्या पातळीत नाव घालता येत नाही, आणि पहिली पार केल्याशिवाय दुसरीत कोणी उभं करत नाही. स्पर्धा वर्षातून एकदाच. म्हणजे बांबूला ही पहिली आणि शेवटची संधी. चाळीसपैकी अठ्ठावीस गुण मिळाले तर पुढचा रस्ता मोकळा, नाहीतर घरच्या गादीवर खुशाल उड्या माराव्यात.

स्पर्धेच्या दिवशी सर मोठ्या मुलांना घेऊन मागच्या हॉलमध्ये गेले. जाताना म्हणाले, “बांबू, लहानांकडे जरा लक्ष ठेव.” बांबूने लक्ष ठेवलं. लिंबूच्या बुटाची नाडी बांधायला तो वाकला, तेव्हा त्याच्या पाठीवर टर्र असा आवाज झाला आणि आईचे पक्के टाके एका दमात उसवले.

प्रवेशाच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. बांबूच्या मागे सहा पोरं, पाठीवर उघडी पडलेली अक्षरं. बाईंनी सहा पोरांना सहा नंबर दिले आणि बांबूच्या गळ्यात पिवळा बिल्ला अडकवला.

“पण बाई, मी तर...”

“नंतर हं सर, मागे रांग आहे. इथे सही करा.”

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याला सर म्हणत होतं. त्यात बांबूला एक जुनी खोड होती, मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर यायचंच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. त्याला वाटलं हजेरी असेल, आणि त्याने सही ठोकली.

हॉलमध्ये पाऊल टाकल्यापासून त्याला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. एकाला शू लागली. एकाची आई दिसेना. एकाने हाताला लावायची पांढरी पावडर चाखून बघितली. पाळणाघरात वाढलेल्या बांबूला यातलं काहीच नवीन नव्हतं. त्याने एकाचं नाक पुसलं, दुसऱ्याला पाणी पाजलं आणि रडणाऱ्याला पोटाशी धरलं. हे बघून दुसऱ्या क्लबातल्या आयांनीही आपापली पोरं त्याच्याकडे आणून सोडली. “सर, जरा यालाही बघा हं.” पाहता पाहता बांबूच्या मागे पंधरा पोरांची शेपटी तयार झाली.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. “क्रमांक तेवीस! वय वर्षं चार! पहिली पुकार!”

कोणीच पुढे आलं नाही. परीक्षकांच्या टेबलावरून मुख्य परीक्षक बाई उठून तरातरा बांबूकडे आल्या.

“तेवीस नंबर तुमच्या क्लबाचा आहे. कुठाय मुलगा?”

“माझ्याकडे सगळे आहेत, बाई.”

“मग चार वर्षांचं पोर गेलं कुठे? आधी शोधा!”

चार वर्षांचं पोर हरवलंय म्हटल्यावर बांबू धावतच सुटला. तो गाद्यांच्या ढिगामागे वाकला, पडद्याखाली रांगला, स्वच्छतागृहाच्या प्रत्येक दारावर थाप मारून आला. प्रेक्षकांतून आईने ऐकलं आणि तिला बसवेना. ती पदर खोचून खाली उतरली. “बाहेरचं दार बंद करा आधी! तुम्ही जिन्यापाशी उभे राहा. आणि ओरडू नका, लहान पोरं ओरडलं की जास्त लपतात!” दहा मिनिटांत तिने अर्धा हॉल कामाला लावला.

“क्रमांक तेवीस! दुसरी पुकार!”

“तीन पुकारांनंतर नाव बाद होतं,” एक स्वयंसेवक हळहळला. “बिचारं लेकरू.”

“बिचारं!” म्हणत बांबू उड्या मारायच्या लाकडी ठोकळ्याखाली शिरला.

आईने मात्र परीक्षकांच्या टेबलावरची यादी ओढून घेतली. पोराने कोणत्या रंगाचे कपडे घातलेत ते तरी कळावं, एवढाच तिचा हेतू होता. तेवीस नंबरसमोरचं नाव तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग कपाळाला हात लावला.

“अहो, हा तर माझा मुलगा!”

“अरे देवा. चार वर्षांचा?” मुख्य परीक्षक बाईंनी तिचा हात धरला.

“चौदा वर्षांचा! तो काय, ठोकळ्याखाली पाय दिसतायत त्याचे!”

घोळ असा झाला होता की पहिल्या पातळीच्या यादीत चौदा हा आकडा बघून टंकलेखकाला ती आपलीच चूक वाटली होती, आणि त्याने मोठ्या तत्परतेने त्यातला एकचा आकडा खोडून टाकला होता.

बांबूला पाय धरून बाहेर काढण्यात आलं. स्वतःलाच शोधत होतो हे कळल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण मुख्य परीक्षक बाई काही ऐकेनात.

“हे बघा, प्रशिक्षक म्हणून तुमची सही आहे, गळ्यात बिल्ला आहे, पाठीवर लिहिलंय. प्रशिक्षकाला स्पर्धेत उतरता येत नाही.”

“बाई, मी शिकतोय अजून. खरंच.”

“तो आमच्यात सगळ्यात कच्चा आहे!” लिंबू छाती काढून साक्षीला उभा राहिला. “त्याला हातांवर उभंसुद्धा राहता येत नाही. रोज धपकन पडतो!”

“हो बाई, रोज!” बाकीच्या पाच जणांनी दुजोरा दिला. इतक्या प्रेमाने बांबूची अब्रू आजवर कोणी घेतली नव्हती.

“मग दाखवा पडून,” बाई म्हणाल्या.

बांबूने हात टेकले आणि पाय वर फेकले. आठ महिने रोज तो एक सेकंद टिकायचा आणि आडवा व्हायचा. आज मनात पडायचंच होतं, त्यामुळे अंगात धास्तीच उरली नव्हती. पाय वर गेले आणि तिथेच राहिले. एक, दोन, तीन, चार. खांबासारखा सरळ.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “म्हणे शिकतोय!”

आईला हसावं की रडावं कळेना. बांबू उलटा होता, त्याला बाईंच्या चपला दिसत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा साधलेली ही गोष्ट आपल्याला बुडवणार हे कळत होतं. खाली यावं तरी मन होईना. इतकं सुंदर वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून सर आत आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त बांबू दिसला, आणि सवयीने ते गरजले, “बांबू! गुडघे!”

बांबूने दचकून गुडघे आवळले, कंबर वाकली, आणि तो पोत्यासारखा बाईंच्या पायाशी आदळला.

“चुकलं, सर,” तो पडल्या पडल्या म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं त्या हे काम करत होत्या. जमिनीवरून असं ‘चुकलं, सर’ म्हणणारा माणूस प्रशिक्षक नसतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने बिल्ला काढला, जाकीट उतरवून घेतलं आणि माइककडे वळून म्हणाल्या, “क्रमांक तेवीस, वय वर्षं चौदा. तिसरी पुकार.”

मग बांबू उतरला. ठोकळ्यावरून उडी मारताना त्याची टाच घासली. आडव्या बारवर पाय जमिनीला लागू नयेत म्हणून त्याला गुडघे दुमडावे लागले, आणि त्याचे गुण कापले गेले. पण फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीत, तो हातांवर उभा राहिला आणि नियमाप्रमाणे दोन सेकंद टिकला. पंधरा पोरांनी आणि त्यांच्या आयांनी हॉल डोक्यावर घेतला. चोवीस जणांत त्याचा नंबर बाविसावा आला. गुण अठ्ठावीस पूर्णांक एक दशांश.

आईने सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली, आणि तिचे डोळे भरून आले. सरांनी पाठीवर थाप मारली. “दुसरी पातळी. तिथली पोरं मोठी आहेत हं.”

“केवढी?”

“नऊ-दहा वर्षांची.”

बाहेर पडताना प्रवेशाच्या टेबलावरच्या बाईंनी त्याला थांबवलं. त्यांनी सगळं बघितलं होतं. मघाच्या गडबडीबद्दल माफी मागितली, आणि तरी त्या वाट अडवून उभ्याच राहिल्या.

“किती वर्षं करतोयस रे हे?”

“आठ महिने.”

“आठच?” बाई घुटमळल्या. “माझा मुलगा दोन वर्षं मागे लागलाय. मीच त्याला म्हणते, आता वय गेलं तुझं.”

“किती वर्षांचा आहे?”

“तेरा.”

बांबूने क्षणभर विचार केला. दिवसभरात पहिल्यांदाच तो मोठ्या माणसासमोर न अडखळता बोलला.

“तेरा? अहो, लहानच आहे की!”