परातीखालचा पापुद्रा

हेमंतच्या पत्राला वामन गुरुजींनी चार महिने उत्तर लिहिलं नव्हतं.

खोडाळ्याजवळच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला हेमंत परदेशात प्लास्टिकचे लेझर करत होता. काचेवरच्या अतिसूक्ष्म नक्षीवर प्लास्टिकचा पातळ थर द्यायचा. नक्षी प्रकाशाला कोंडते आणि लेझर उमटतो. पण थर कडेला जाड वाळे, आणि घातलेल्या उजेडातला शंभरावा हिस्साही हाती येत नसे. ‘डिसेंबरपर्यंत सुधारलं नाही तर माझं काम बंद. गुरुजी, वर्गात तुम्ही काचेवर डिंकाचा पापुद्रा एकसारखा कसा वाळवायचात?’

उत्तर सोपं होतं. वर परात पालथी घालायची, वारा लागू द्यायचा नाही. पण एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेला परात सुचवायची? आता दिवाळीही उलटली. शेवटी भीतभीत गुरुजींनी मुख्याध्यापक उमेश सरांचा सल्ला विचारला.

सरांनी पत्राच्या माथ्यावरचा परदेशी प्रयोगशाळेचा शिक्का पाहिला. त्यापुढे वाचायची त्यांना सवय नव्हती.

“गुरुजी, ही शाळेची इज्जत! तपासणीला साहेब येतायत. भिंतीवरच पायजे हे!”

चांगला कागद दिसला की प्लास्टिकमध्ये घालायचा, हा त्या शाळेचा धर्म होता. पत्र जव्हारहून लॅमिनेशन होऊन आलं. आत हवा राहिलेली, आणि हेमंतचा पत्ता नेमका एका सुरकुतीत गडप.

साहेब आले. भिंतीवरच्या पत्राच्या फुगवट्यावर इंद्रधनुष्य चमकत होतं.

“हाच का तो प्लास्टिकचा लेझर?”

“होय साहेब! आपल्याच पोरानं केलाय.”

“थर सारखा बसला नाही, म्हणून रंग दिसतात,” गुरुजी पुटपुटले.

“काय हा विनय!” साहेबांनी त्यांना नारळ दिला आणि लेझरची कार्यक्षमता वाढवण्यासाठी सात जणांची समिती नेमली. तीत विज्ञान शिकलेला एकही नव्हता.

घरी गुरुजींच्या पत्नी गौराबाई काकडीचं बी निवडत होत्या.

“पत्ताच गेला,” गुरुजी म्हणाले.

“एवढी पुस्तकं वाचलीत, नि पोऱ्याला दोन ओळी लिहायला भ्या वाटतं तुमाला? पाकीट हाय ना माझ्याकडं. बी ठेवलंय त्यात.”

पाकिटामागे अख्खा पत्ता होता. गुरुजींनी लिहिलं, ‘पंखा बंद कर. वर परात पालथी घाल.’

टपालपेटीपाशी नेमके उमेश सर भेटले.

“उत्तर लिहिलंत? आणा इकडं! आधी लॅमिनेशन करू!”

वरिष्ठांचा शब्द गुरुजींनी जन्मात मोडला नव्हता. त्यांनी मान डोलावली, “हो सर,” म्हणाले आणि पत्र पेटीत टाकलं.