दहा जणांची जुंपणी

आमचे साडू तात्या माणसाच्या तोंडाकडं नंतर बघतात. आधी पोटऱ्या बघतात.

हे मला माझ्या लग्नाच्या आधीच कळलं. मी मुलगी बघायला ओझरला गेलो होतो. नवी पँट, डोक्याला चपचपीत तेल, हातात चहाची बशी. घरचे थोरले जावई म्हणून तात्या कोपऱ्यात बसले होते. चांगली पाच मिनिटं माझं निरीक्षण झाल्यावर म्हणाले, "पावणं, पँट जरा वर घेता का?"

मला वाटलं, कुत्रंबित्रं चावल्याची खूण शोधतायत. भर बैठकीत मी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. तात्यांनी मान डोलावली आणि सासऱ्यांना सांगितलं, "उजवीचा हाय. आपली विमल डावीची हाय. करून टाका." माझं शिक्षण, नोकरी, कळंबातली दोन एकर बागायत, कुणी काही विचारलंच नाही. एका पोटरीवर माझं लग्न ठरलं.

तात्या वारूळवाडीचे. आजोबांच्या वेळपर्यंत घरात मेंढरं होती, मग शेती आली आणि शेतीबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीचा नाद आला. आमच्या जुन्नर-आंबेगावात हा नाद म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चढणीचा घाट, बेफाम सुटलेले बैल, दोन्ही अंगांना माणसांचा समुद्र आणि सगळा निकाल सेकंदांवर. तात्यांचे सध्याचे बैल दोन, एकाचं नाव वकील, दुसऱ्याचं कलेक्टर. पण त्यांची खरी ख्याती बैलांपेक्षा जुंपणीसाठी. कुठला बैल डावीकडं घ्यायचा, कुठला उजवीकडं, कुणाशेजारी कोण पळेल आणि कोण अडून बसेल, हे तात्या नुसतं चालणं बघून सांगतात. लांबलांबून लोक विचारायला येतात.

"बैल वाईट नसतो, पावणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "जुंपणी वाईट असती."

इथवर ठीक होतं हो. पण तात्यांनी सगळं जगच जुंपायला घेतलं. सरपंच आणि ग्रामसेवकाचं पटत नाही? दोघंही डावीचे. बँकेत रांग सरकत नाही? कॅशियरला पलीकडच्या खिडकीत बसवा. एकदा नारायणगावच्या एका लग्नात वरातीचा बँड बेसूर वाजत होता, तर ह्यांनी मिरवणूक थांबवून दोन सनईवाल्यांच्या जागा बदलल्या. आणि खरं सांगतो, नंतर बरं वाजलं. माझा चडफडाट होतो तो इथंच. हा माणूस चुकत नाही.

मी एकदा त्यांना टोमणा मारला होता, "तात्या, तुमची आणि अक्कांची जोडी कशी काय जमली?" अक्का म्हणजे त्यांची बायको सुशीला, माझ्या विमलची थोरली बहीण. मला वाटलं चिडतील. तात्या शांतपणे म्हणाले, "ती वढायची. मी नुसता बरुबर चालायचो."

तीन वर्षांपूर्वी अक्का गेल्या.

तात्यांचा हिशेब फक्त एका जोडीपाशी अडला होता. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी शिकायला अमेरिकेत गेली, डेन्व्हर नावाच्या शहरात नोकरीला लागली आणि तिथंच सौमित्र नावाच्या कलकत्त्याच्या मुलाशी तिनं कचेरीत सही करून लग्न केलं. आधी सांगितलं नाही, नंतर फोन केला. तात्या एवढंच म्हणाले, "मला बघू बी दिला न्हाई." त्या दिवसापासून जावयाशी बोलणं बंद. अक्का गेल्या तेव्हा तो पोरगा विमानानं आला, दहा दिवस वारूळवाडीत राहिला, तेव्हासुद्धा अवाक्षर नाही.

यंदा अश्विनीला दिवस गेले. बाळंतपणाला आई जायची. आई नाही म्हणून मावशी निघाली, म्हणजे आमची विमल. विमल एकटी नको म्हणून मी. आणि तात्या? ते म्हणाले, "लेकीचं बाळंतपन हाय, बापानं घरी बसून काय करावं?" वकील-कलेक्टर भावकीच्या हवाली करून तेही निघाले.

डेन्व्हरला पोचल्यावर चार दिवसांत माझा जीव मेटाकुटीला आला. जावयाच्या घरात राहायचं, त्यानं केलेला चहा प्यायचा, पण त्याच्याशी बोलायचं नाही, हे तात्यांनी कसं साधावं? ते फ्रिजशी बोलायचे. फ्रिजकडं तोंड करून म्हणायचे, "कुनीतरी खिडकी लावा, वारं लई येतंय." सौमित्र उठून मुकाट्यानं खिडकी लावायचा. बिचारा तात्यांसमोर तोंडच उघडायचा नाही. माझ्याशी हळू आवाजात हिंदीत दोन शब्द, तेवढंच.

एक दिवस अश्विनीनं मला बाजूला घेतलं. तिचे डोळे भरले होते. "काका, मला बाकी काही नको. बाळ यायच्या आत तात्यांनी त्याला एकदा हाक मारावी. फक्त एकदा. नाहीतर बाळ मोठं होऊन मला विचारेल, आजोबा फ्रिजशी का बोलतात?"

मी म्हटलं, बघतो. काय बघणार होतो, कपाळ!

त्याच शनिवारी सौमित्रच्या ऑफिसातल्या मित्रांनी, हा आता बाप होणार म्हणून, त्याच्यासाठी एक बेत आखला. दुपारी सगळ्यांनी मिळून एक गाडी चालवायची. सौमित्रनं आम्हा दोघांनाही बोलावलं. अश्विनीनं मला डोळ्यांनी खुणावलं, घेऊन जा. तात्यांना मी इतकंच सांगितलं, की गाडं आहे. ते लगेच टोपी घालून तयार.

गाडी बघितली आणि मीच चाट पडलो. मधे लांब टेबल, वर छप्पर, टेबलाच्या दोन्ही अंगांना पाच-पाच सायकलीच्या सीटा आणि प्रत्येक सीटखाली पायडल. मागं एक बाक. पुढं एक निळ्या केसांची पोरगी हँडल धरून बसलेली. दहा जणांनी पायडल मारत गाडी एका बारपर्यंत न्यायची, तिथं उतरून प्यायचं, पुन्हा चढायचं, पुढच्या बारला जायचं.

तात्यांनी गाडीला फेरी मारली, खाली वाकून साखळी बघितली आणि मला विचारलं, "म्हंजी इथं बैलंच दारू पित्यात व्हय?"

"तसंच म्हणायचं."

"अन् गाडीवान?"

"ती पीत नाही. तिला बंदी आहे."

"आयला!" तात्या म्हणाले. "आपल्याकडं उलटं असतंय."

आम्हा दोघा म्हाताऱ्यांना मागच्या बाकावर बसवलं. सौमित्र, त्याचे सहा मित्र आणि तीन अनोळखी असे दहा जण जुंपले गेले आणि गाडं निघालं. तो भाग जुन्या गोदामांचा. आता त्यात चित्रकार राहतात म्हणे. एकही भिंत मोकळी सोडलेली नाही. कुठं बाईचा दोन मजली चेहरा, कुठं निळा वाघ, कुठं नुसतेच डोळे. तात्या बराच वेळ बघत होते. "मंचरच्या बाजारातली गोदामं अशी रंगीवली ना," ते म्हणाले, "तर कांदा ठेवायला कुनी येनार न्हाई. भ्या वाटंल."

पहिल्या बारमध्ये मी एक बियर घेतली. विमलला सांगू नका. तात्यांनी लिंबाचं सरबत घेतलं. दुसऱ्या बारमध्ये मी आणखी एक घेतली. तात्यांचं तिकडं लक्षच नव्हतं; ते सौमित्र सोडून उभ्या असलेल्या बाकी नऊ जणांच्या पोटऱ्या बघत होते. अमेरिकेत सगळे अर्ध्या चड्डीत हिंडतात, त्यामुळं तात्यांना कुणाला पँट वर घ्यायला सांगावं लागलं नाही.

"जुंपनी साफ चुकलीया," ते माझ्या कानाशी म्हणाले. "चढ लागला की हे गाडं बसनार."

आणि बसलंच. रेल्वेच्या रुळांवरून जाणारा एक पूल होता, त्याच्या चढावर गाडी निम्म्यात थांबली. निळ्या केसांची पोरगी ओरडली, सगळे ओरडले, पायडलं करकरली, गाडी जागची हलेना. मागं मोटारींची रांग लागली. तात्या उठले, खाली उतरले आणि टोपी नीट केली. त्यांचं ते रूप मी घाटावर पाहिलंय. तिथं भलेभले गाडामालक गप्प होतात.

"तो लांबड्या म्होरं घ्या," तात्या छपराच्या खांबाला म्हणाले. "लाल बनियनवालीला त्याच्या डावीकडं. आखूड पायाचे दोघं मधी."

मी इंग्रजीची जुळवाजुळव करतोय तोवर सौमित्रनं सगळं भराभर इंग्रजीत सांगून टाकलंसुद्धा. माणसं हसत हसत उठली, जागा बदलल्या. तात्या खांबाला सांगत होते, सौमित्र बाकीच्यांना सांगत होता. घाईत तात्यांच्या ध्यानातच आलं नाही, की मराठी ह्याला कळतंय कसं. माझ्या आलं, पण दोन बियरनंतर माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

शेवटी एक जागा उरली. अनोळख्यांपैकी एक गडी इतका झिंगला होता, की पायडलवर त्याचा पाय ठरेना. त्याला मागच्या बाकावर माझ्याशेजारी टाकलं. रिकामी सीट सौमित्रच्या डाव्या हाताला होती. तात्यांनी आजूबाजूला बघितलं. मग सौमित्रच्या पोटऱ्या बघितल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा बघितल्या असतील. एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं.

"उजवीचा हाय," ते पुटपुटले. मग धोतर खोचून त्याच्या शेजारी चढून बसले आणि शर्यतीत बैल सोडताना ठोकतात ती आरोळी ठोकली, "भिर्रर्रर्र!"

गोऱ्यांना वाटलं हीच रीत असणार. सगळेच्या सगळे ओरडले, "भिर्रर्र!" आणि काय सांगू महाराज, गाडं हललं. आधी इंच इंच, मग हातभर, मग सुटलंच. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा आणि कलकत्त्याचा पोरगा एका दमात पाय मारत होते, खांद्याला खांदा लागत होता. पुलाच्या माथ्यावर मागच्या मोटारींनीसुद्धा भोंगे वाजवले.

पूल उतरून गाडी तिसऱ्या बारपाशी थांबली, आणि उतरता उतरता सौमित्र खाली बसला. पोटरीत गोळा आला होता. दोन्ही हातांनी पाय धरून तो कळवळून ओरडला, "अगं बया!"

तात्या जागच्या जागी थिजले. ती आरोळी वारूळवाडीतल्या बाईची होती. अस्सल.

"हे कुनी शिकिवलं?" तात्यांनी विचारलं. खांबाला नाही, त्याला.

"आईंनी," सौमित्र मराठीत म्हणाला. आणि मराठी कुठलं, तर आपलं, वारूळवाडीचं. "तुमी सांजच्याला गोठ्यात गेलात की आई मला फोन करायच्या. इथं पहाट असायची. मी गजर लावून उठायचो. दोन वर्षं रोज बोलत व्हतो. त्या म्हनल्या व्हत्या, तात्यांना इतक्यात सांगू नको, ते आपन हून बोलतील." त्यानं पोटरी दाबून धरली. "त्या गेल्यावर माझ्याशी असं कुनीच बोललं न्हाई."

तात्या बारच्या पायरीशी खाली बसले. सौमित्रचा बूट काढला, मोजा काढला, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी पोटरी चोळायला लागले. बैलाची चोळतात तशीच, खालून वर. सौमित्र संकोचानं पाय मागं ओढू लागला. "तात्या, पाय नको. तुमी मोठे."

"गप बसा, जावईबापू," तात्या म्हणाले.

मी तोंड फिरवलं. बियर होती म्हणा हवं तर.

गोळा उतरला तरी तात्यांनी पाय सोडला नाही. त्यांनी दुसराही बूट काढला. दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली आणि मान वर न करता हात माझ्याकडं केला. "पावणं, टेबलावरली पान्याची बाटली आना."

बाटली आणली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. ह्यांच्या लेकीच्या लग्नात ते राहून गेलं होतं.

मी बाटली त्यांच्या हातात द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं आणि ते पुसायलाही त्यांचे हात मोकळे नव्हते.

"हे एकट्याचं काम न्हाई, पावणं," ते म्हणाले. "मी धुतो. पानी तुमी वता."

पाणी ओतायचं ते मुलीच्या आईनं. मी झाकण काढलं, अक्कांच्या जागी उभा राहिलो आणि बारीक धार धरली.