मिर्चाचं वरचं बटण

सौदीत, धाहरानच्या आमच्या कॅम्पात स्टोअरच्या खिडकीत एक रुमानियन बसायचा. पंचेचाळीस डिग्रीत शर्टाचं गळ्याचं बटण लावून. आणि ज्याचं बटण उघडं, त्याला हा गृहस्थ सामान देत नसे. हातमोजे मागा, वेल्डिंगच्या कांड्या मागा, आधी पेन्सिल तुमच्या गळ्याकडे आणि एकच शब्द, "बटन." एक फिटर बनियनवर गेला, तर त्याला सुई-दोरा आणि बटण दिलं. रजिस्टरवर सही घेऊन.

नाव मिर्चा. आम्ही मिरचीशेठ म्हणायचो. साठीला टेकलेला, देश सोडून फ्रान्सच्या कागदांवर आलेला. हिंदी आमच्या पोरांकडून शिकला, त्यामुळे त्यात शिव्या फार. त्या त्याला आदराच्या वाटत, म्हणून मॅनेजरसाठी राखून ठेवी.

मी चौथी पास, पण माझ्या वेल्डिंगचा एक्सरे काढणारा खोट न सापडून कंटाळून जाई. असल्या माणसाने दुसऱ्याच्या हुकमाने बटण लावायचं? मी ते बटण तोडूनच टाकलं. चार वर्षं त्याने मला हातमोजे दिले नाहीत. दोनदा हात भाजला. भाजू दे.

त्याचं म्हणणं एकच, मी जनरलचा मुलगा आहे. बाप लढाईच्या काळात जनरल, वर मंत्री. ती लढाई तो खिडकीच्या फळीवर मांडायचा. सुतळी म्हणजे नदी, नट म्हणजे तोफा, वॉशर म्हणजे शिपाई. बाहेर वॉशरसाठीच रांग लागलेली, पण शिपाई नदीत असताना ते मिळणार कसे? जनरल आधी जर्मनांच्या बाजूने लढला. मग राजाने बाजू बदलली, तसे मिर्चाने तेच वॉशर उलट्या तोंडाने फिरवले. मी विचारलं, हे कसलं रे? म्हणाला, "ऑर्डर." त्या लढाईत जनरलने कुणाचं भलं केलं, कुणाचं वाटोळं, मला ठाऊक नाही. शेवटी पाइपाच्या तोंडाची सगळ्यांत मोठी चकती, फ्लँज, मधोमध ठेवायचा, म्हणजे जनरल मंत्री झाला.

पुढे? विचारलं की म्हणायचा "खलास", आणि खिडकी बंद.

मीही ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. सांगितलं, माझा बाप जयगडच्या खाडीवर तरीची होडी चालवायचा, कलेक्टरलाही भरती येईपर्यंत बसवून ठेवायचा. मिर्चाने विचार करून विचारलं, कलेक्टर मंत्र्यापेक्षा मोठा का? म्हटलं, भरती मोठी.

पितृपक्षात बापाच्या तिथीला मी वर्कशॉपच्या मागे, गवगवा न करता, पान वाढलं. पान कसलं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा. त्यावर भात, वरण, पोळीच्या जागी तिथली खुबूस रोटी. पत्रा स्टोअरचा, म्हणून मिर्चा चोर पकडायला आला. कशासाठी ते सांगितलं, तर रजिस्टर बगलेत मारून तिथेच उभा राहिला.

"ज्याची तारीख माहीत नाही त्याचं काय करता?"

म्हटलं, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या, आणखी आठ दिवसांनी. आणि टोमणाही मारला, तुझा जनरल काय तारीख न कळवता गेला?

"हो," म्हणाला. मग 'खलास'च्या पुढचं सांगितलं. राज्य पालटलं, बाप तुरुंगात गेला. वर्षाने एकदा भेट मिळाली. त्यानंतरची पत्रं शिक्का मारून परत. कधी गेला, कुठे पुरला, कुणी कळवलं नाही. "तुमच्या अमावास्येला माझा बाप चालेल का?"

म्हटलं, अमावास्या पासपोर्ट बघत नाही.

अमावास्येला भर दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात साखर घातलेले शिजवलेले गहू. त्यांच्याकडे मेलेल्या माणसासाठी तेच करतात. मी बापाचं पान पुन्हा वाढलं होतं. जनरलचं पान त्याच्या पुढे मांडायला तो भांडणार, म्हणून मी उत्तर घोळवून ठेवलेलं. तर त्याने आपला पत्रा माझ्या बापाच्या पानामागे ठेवला.

"होडीवाला पुढे," म्हणाला. "त्याला पाण्यातली वाट माहीत."

माझं उत्तर फुकट गेलं. पाणी सोडताना विचारलं, काय म्हणून हाक मारू? जनरल, की मंत्री?

तो म्हणाला, "भेटीला गेलो तर त्याच्या कोटाची सगळी बटणं काढून घेतलेली. एका हाताने कोटाचा गळा धरून ताठ उभा होता. माझं वरचं बटण उघडं होतं. तेवढंच बोलला. बटण."

माझा हात गळ्याकडे गेला. लावायला बटण होतं कुठे? कॉलर मुठीत धरून तसाच उभा राहिलो.

मिर्चाने बघितलं. खिशातून सुई-दोरा काढला, बटण काढलं, आणि माझ्यासमोर उभा राहून शिवायला लागला. सही मागितली नाही.