सहा चौकोनांचे तांबोळीकाका

सकाळी साडेसातला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गाडी काढायला खाली उतरलात, तर पार्किंगमध्ये खडूने आखलेले सहा चौकोन दिसतील आणि त्यांतल्या एखाद्यात पासष्टीचे एक गृहस्थ आडवे पडलेले दिसतील. घाबरू नका. ते तांबोळीकाका. त्यांना काही झालेलं नाही, ते कामावर आहेत.

रफीक तांबोळी विनोदी चित्रकथा लिहितात. फक्त लिहितात, चित्रं मी काढते. एका रविवार पुरवणीत 'अण्णा अडगळे' नावाचं सहा चित्रांचं पान येतं, ते आमचं. घरातली एकही जुनी वस्तू टाकून न देणारे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणा मारल्याशिवाय न सोडणारे हे अण्णा काकांनी तीस वर्षांपूर्वी जन्माला घातले. माझ्या आधीचे दोन चित्रकार थकले, काका थकले नाहीत. पहिल्या चौकोनात अण्णा शिडीवर चढणार असतील, तर काका आधी स्वतः चढून बघतात. "माणूस कितव्या पायरीवर घसरतो ते कळल्याशिवाय लिहायचं कसं?" असं विचारतात.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा पाटी लावली: 'वाहनतळाच्या जागेत कोणीही खडूने रेघोट्या मारून जागा विद्रूप करू नये.' काका पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग सेक्रेटरींची बेल वाजवून म्हणाले, "अहो, दहा शब्द झाले. 'रेघोट्या नकोत' एवढ्यात भागतंय." दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. चौकोन होते तिथेच राहिले.

शब्दांच्या बाबतीत काका भलतेच कंजूष. पात्राच्या तोंडाशी संवादाचा जो फुगा असतो, त्यात नऊच्या वर शब्द गेलेले त्यांना खपत नाहीत. "दहावा शब्द आला की फुगा अण्णांच्या टकलावर चढतो," म्हणतात. त्यांनी लिहिलेलं वाचून मी हसले, तर आनंद राहिला बाजूला, चौकशी सुरू होते. "कितव्या चौकोनाला हसलीस?" पाचव्याला म्हटलं की सहावा पुन्हा लिहायला बसतात. मुळीच हसले नाही, तर मला आल्याचा चहा देतात; माझी तब्येत बरी नाही असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतंच, "कॉमिक्स लिहिता, ते ठीक आहे हो. पण बाकी काय करता?"

"बाकी झोपतो," काका जिलेबी मोडत सांगतात.

अशा माणसाच्या लिखाणातून गेल्या वर्षी शब्दच गळायला लागले. नऊचे पाच झाले, पाचाचे दोन. दिवाळीनंतर तर फुगेच नाहीत! 'अण्णा छत्री उघडतात. छत्रीतून जुन्या चपला पडतात.' कागदावर एवढंच. माझं काम दुप्पट झालं. जो टोमणा आधी फुग्यात मावायचा, तो मला आता अण्णांच्या एका भुवईत बसवावा लागायचा.

मग संपादकांचा मला फोन आला. लोक अण्णांच्या टोमण्यांसाठी पुरवणी उघडतात, महिनाभरात अण्णा बोलले नाहीत तर पान बंद. मी तशीच जिना चढून काकांच्या घरी गेले.

"काका, पान बंद करताहेत."

"करू देत."

"तीस वर्षं चालवलंत तुम्ही!"

"तू भुवई काढ. छान काढतेस."

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, काकांचं संपलं. आता त्यांना सुचत नाही, आणि ते कबूल करवत नाही म्हणून हा तोरा. तसं मी त्यांच्या तोंडावर बोललेही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रविवारी मोकळी आहेस? तुला वाचक दाखवतो."

रविवारी स्वारगेटला बस बदलून आम्ही हडपसरला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. नजमाआपा शाळेत मराठी शिकवायच्या. आई लवकर गेल्यावर काकांना वाढवलं त्यांनीच, पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं तेही त्यांनीच. अण्णांचं पान छापून आलं की आपांचा फोन यायचा आणि एक तरी चूक काढली जायची. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. बोलणं जवळजवळ गेलं आणि वाचणंही.

"अक्षरं दिसतात तिला," काका दारातच हळू आवाजात म्हणाले, "पण लागत नाहीत. वाचून दाखवायला गेलो, तर तोंड फिरवते. मास्तरीण आहे ना. पुरवणी हातात धरून रडायची. मग मी एकेक शब्द काढत गेलो."

आपांनी त्या दिवशीचं पान मांडीवर घेतलं. त्यांचं बोट पहिल्या चौकोनावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर सावकाश सरकत गेलं. छत्री उघडली, चपला पडल्या, आणि आपा हसल्या. वाकड्या झालेल्या तोंडाने, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग काकांकडे बघून त्यांनी तळहात पुढे केला. अजून.

अजून नव्हतं. आठवड्याला एकच पान असतं. अख्ख्या सोसायटीला गप्प करणाऱ्या काकांनी त्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "मधुरा, वही आणलीस का गं?"

त्या दुपारी आपांच्या पलंगाशी बसून आम्ही चार पानं केली. काका सांगायचे, मी काढायची, आणि आपा चौकोनावर बोट ठेवून मान हलवायच्या, कधी उभी, कधी आडवी. सोमवारी संपादकांना मी स्वतः फोन केला. म्हटलं, अण्णा यापुढे बोलणार नाहीत. पान बंद करायचं तर करा, पण आधी ही तीन बघा. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: उन्हाळ्यापर्यंत चालवू, मग बघू.

चौथं पान आम्हाला मिळालंच नाही. निघताना काका ते उचलायला गेले, तेव्हा आपांनी ते उशीखाली सारलं, वर डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.