लीला सबनीस, साक्षीदार

अमेरिकेत कुठेही चार माणसं जमली की दाराशी एक टेबल असतं. टेबलावर चिकटवायचे कोरे बिल्ले आणि एक मार्कर. आपण वर आपलं नाव लिहायचं, खाली आपल्या कंपनीचं किंवा संस्थेचं. लीलाताई सबनीस वर नाव लिहितात आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहितात, ‘विटनेस’. साक्षीदार. वकिलांच्या परिषदेत हेच, वाचनालयाच्या पुस्तकविक्रीत हेच, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकलाही हेच. पिकनिकला एका नव्या सुनेनं भीतभीत विचारलं, "काकू, कशाच्या साक्षीदार?"

"ते अजून ठरायचंय," लीलाताई म्हणाल्या. "तू बटाटेवडा खा. मी बघतेय."

त्या बिचारीनं दुसरा वडा घेतला नाही.

लीलाताई मूळच्या नागपूरच्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची पाच फुटांना जराशी कमी, सलवार-कमीज, पायात पळायचे बूट आणि खांद्याला जाड कापडी पिशवी. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन इथे आल्या आणि शिकागोजवळच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग रूममध्ये पुलांचे नकाशे काढत निवृत्त झाल्या. नवरा गेला, मुलगी सिअ‍ॅटलला. आमच्या नेपरव्हिलमध्ये त्या एकट्या राहतात, पण एकटं राहणाऱ्या माणसाच्या घरात असावी तशी शांतता त्यांच्या घरात नसते, कारण त्या फोनवर सतत कुणाची तरी तक्रार लिहून घेत असतात. कुणाला बढती मिळाली नाही, कुणाला गरोदरपणात कामावरून काढलं, कुणाच्या मुलाला शाळेत नावावरून चिडवलं. तक्रार ऐकून झाली की त्या म्हणतात, "हे सगळं तारखेसकट लिही. रेकॉर्डवर घे."

‘रेकॉर्डवर घ्या’ हे त्यांचं पालुपद. माझी पत्नी सुमन त्यांची जिवलग मैत्रीण. सुमनच्या चहात साखर जास्त झाली तरी त्या म्हणायच्या, "सुमन, चहा गोड झालाय. रेकॉर्डवर घे." सुमन म्हणायची, "घेतलं. आता प्या."

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या दरवर्षी करतात. बायका येतात, तिळगूळ होतो आणि मग वाण. इतर घरी वाण म्हणून डबी, गाळणी, फार तर एखादी स्टीलची वाटी मिळते. लीलाताईंनी एका वर्षी ‘नोकरीत भेदभाव झाला तर तक्रार कशी करावी’ या पत्रकाच्या पन्नास प्रती लुटल्या. प्रत्येकीला हळद-कुंकू लावून, ओंजळीत पत्रक ठेवून त्या म्हणाल्या, "वापरायची वेळ न येवो." सुमननं घरी येऊन ते मला वाचायला दिलं. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं आहे. पत्रक चांगलं लिहिलेलं होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं पुढे त्याच पत्रकावरून तक्रार केली आणि तिची नोकरी वाचली. पुढच्या संक्रांतीला ती मुलगी आली तेव्हा लीलाताईंनी तिला मात्र गाळणी दिली.

गेल्या वर्षी आमच्याकडे शाळांच्या हद्दींवरून मोठा वाद पेटला. हायवेपलीकडच्या अपार्टमेंटमधली मुलं आपल्या हायस्कूलला जोडायची असा प्रस्ताव होता. तिथे बहुतेक काळी आणि मेक्सिकन कुटुंबं राहतात. मंडळातल्या तरुण आईबापांनी विरोधाचं निवेदन तयार केलं आणि गणपतीच्या आरतीनंतर सह्या घ्यायला सुरुवात केली. लीलाताईंनी हात वर केला. वक्ता बोलायला उभा राहायच्या आत हात वर करायचा, हा त्यांचा शिरस्ता आहे.

मंडळाचा अध्यक्ष पराग म्हणाला, "काकू, प्लीज, आज नको."

"माझे तीन प्रश्न आहेत. दुसरा आधी विचारते."

"माइक घ्या तरी."

"माझ्या आवाजाला माइक लागत नाही. पराग, ही मुलं आली तर काय होईल?"

"काकू, आपण कुणाच्या अगेन्स्ट नाही आहोत. फक्त शाळेचं रेटिंग, प्रॉपर्टी व्हॅल्यू, बसेसचं ट्रॅफिक... थोडं प्रॅक्टिकली बघा ना."

"बघते. तू भारतातून आलास तेव्हा कुठे राहायचास?"

"अपार्टमेंटमध्ये."

"कुठल्या?"

पराग हातातले निवेदनाचे कागद सारखे करायला लागला. मागून त्याच्याच बायकोचा आवाज आला, "त्याच की!" सगळे हसले. लीलाताई हसल्या नाहीत. "तुझी मोठी तेव्हा दोन वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "ती आजवर तिथेच राहिली असती, तर हा कागद तिच्याविरुद्ध झाला असता. रेकॉर्डवर घ्या." आणि प्रसादाची वाटी घेऊन खाली बसल्या. निवेदन गेलंच, पण सह्या निम्म्याही झाल्या नाहीत. परागनं दोन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या त्याला दर रविवारी फोन करत राहिल्या. तो उचलत नसे, त्या निरोप ठेवत: "मी बोलतेय. तू बोलू नकोस."

दर ऑक्टोबरात शिकागोला वकिलांची एक परिषद भरते. शाळांमधला वर्णभेद आणि नोकरीतला न्याय हे तिचे विषय. लीलाताई वकील नाहीत, तरी पंचवीस वर्षं जात आहेत. सोबत सुमन जायची. माझी समजूत अशी की दोघी दिवसभर भाषणं ऐकतात आणि येताना कुठेतरी डोसा खातात.

सुमन फेब्रुवारीत गेली. लोकांनी फार केलं. रोज कुणी ना कुणी डबा आणून ठेवत होतं. उन्हाळा आला तरी ते अकरा डबे घासून पुसून माझ्या ओट्यावर रांगेत उभे होते. एकदा लीलाताईंनी ती रांग पाहिली.

"नाडकर्णी, हे काय?"

"परत करायचेत. पण रिकामे कसे द्यायचे? आणि मला करता येतं ते वरण."

"मग वरण द्या," त्या म्हणाल्या. नंतर डब्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ऑक्टोबरात तुम्ही चला माझ्याबरोबर."

मी गेलो. सकाळची गाडी होती, बाहेर मेपलची झाडं लाल झाली होती. लीलाताईंनी पिशवी मांडीवर घेतली होती. त्यांनी ती उघडून मला दाखवली. आत इनॅमलचं निळं पातेलं होतं, काठावर दोन टवके उडालेलं, झाकण चिकटपट्टीनं बंद केलेलं.

"हे मिसेस प्रुइटचं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली, परत करायचंय."

मग त्यांनी सांगितलं. सुमनला हे सगळं ठाऊक होतं. मला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मिसेस प्रुइट ड्रॉइंग रूममध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायची. काळी, पंचेचाळिशीची, कामात सगळ्यांत तरबेज. नवी पोरं यायची, ही त्यांना शिकवायची, आणि वर्षभरात तीच पोरं हिची साहेब व्हायची. एकदा मॅनेजर लीलाताईंच्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, हिला मीटिंगला पाठवलं तर क्लायंटला हिचा काळा चेहरा चालणार नाही. ऐकणाऱ्या त्या एकट्या. मिसेस प्रुइटनं तक्रार केली आणि लीलाताईंना साक्षीला यायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

"सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅनेजर आला," लीलाताई म्हणाल्या. "माझी ग्रीन कार्डची फाइल कंपनीतर्फेच होती. धमकी नाही, काही नाही. हसून एवढंच विचारलं, ‘लीला, तुझी फाइल कुठवर आली?’ नाडकर्णी, मी दुसऱ्या दिवशी सिक लीव्ह टाकली."

"आणि केस?"

"हरली. साक्षीदारच नव्हता." त्यांनी पिशवीचे बंद आवळले. "संध्याकाळी ती माझ्या दारात. हातात हे पातेलं, सूप भरलेलं. मी आजारी ना! महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. आता पातेलं रिकामं कसं द्यायचं? लाडू भरून देणार होते, करूनही झाले होते. पण लाडवांनी भागणार होतं का? पुढे कुणीतरी म्हणालं ती या परिषदेला येते, म्हणून मी जायला लागले. दरवर्षी पातेलं घेऊन. ती कधी दिसली नाही."

या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत रेनी प्रुइट नावाच्या वकिलीणबाईंचं भाषण होतं. नावाखाली ओळ होती: आजीच्या स्मृतीस.

"उशीर झाला," मी म्हणालो.

"झाला. म्हणून जायचं नाही?" त्या एकदम भांडायच्या सुरात म्हणाल्या. "आज उभं राहून सगळं सांगायचं आणि हे तिच्या नातीच्या हातात द्यायचं. दरवर्षी दुसऱ्यांना सांगते, रेकॉर्डवर घ्या. माझंच राहिलंय."

इमारतीच्या दाराशी रखवालदारानं पातेलं तपासायला मागितलं. "यात काय आहे?"

"एव्हिडन्स," लीलाताई म्हणाल्या.

त्यानं झाकण उघडायला लावलं. वर एक पाकीट होतं आणि खाली बेसनाचे लाडू. त्याला लाडू म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली आणि एक लाडू गेला. "छान आहे हा एव्हिडन्स," तो म्हणाला आणि आम्हाला आत सोडलं.

टेबलावर लीलाताईंनी बिल्ला घेतला. वर नाव, खाली साक्षीदार. आज मला ते वाचवेना.

रेनी प्रुइट पस्तिशीची, शांत, नेमकं बोलणारी. तिनं आजीच्या केसपासून सुरुवात केली. ती म्हणाली, कायदा बाजूनं होता, सत्य बाजूनं होतं, फक्त ते खोलीत येऊन सांगणारं माणूस नव्हतं. मी शेजारी पाहिलं. भाषण सुरू व्हायच्या आत वर जाणारा तो हात मांडीवर होता, पिशवीचा बंद घट्ट धरून. प्रश्नोत्तरं सुरू झाली. एक झाला, दुसरा झाला. हात हलला नाही. मला वाटलं, ही बाई आज पुन्हा सिक लीव्ह टाकणार.

शेवटी सूत्रसंचालकच हसून म्हणाले, "आश्चर्य आहे. मिसेस सबनीसांचा आज एकही प्रश्न नाही?"

लीलाताई उभ्या राहिल्या. कुणीतरी सवयीनं माइक आणला आणि सवयीनंच परत न्यायला लागलं. त्यांनी तो घेतला. दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "तो साक्षीदार मी आहे. मी आजारी नव्हते. मॅनेजर जे बोलला ते मी ऐकलं होतं." आणि चाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्यांनी शब्दन् शब्द, त्याच्या तारखेसकट सांगितलं. "हे रेकॉर्डवर घ्या."

रेनी प्रुइट व्यासपीठावरून खाली आली.

"तुम्ही आजारी नव्हता हे आजीला माहीत होतं," ती म्हणाली. "सूप घेऊन आली तेव्हा तुम्ही स्टुलावर चढून खिडकीच्या काचा पुसत होता. तिनं रस्त्यावरून पाहिलं."

"मग सूप का दिलं?"

"आम्हीही हेच विचारायचो. ती म्हणायची, ती बाई आजारी नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसालाही जेवावं लागतं." रेनी आणखी जवळ आली. "पण तुम्ही यायला हवं होतं. ती केस जिंकली असती. ‘काही हरकत नाही’ असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका," लीलाताई म्हणाल्या. मान ताठ होती. "मीही कधी म्हटलेलं नाही."

मग त्यांनी पातेलं काढून तिच्या हातात दिलं. रेनीनं पाकीट उघडलं. साक्षीचे तीन कागद होते, प्रत्येक पानावर सही, शेवटी नोटरीचा शिक्का. ते वाचत वाचत तिनं न बघताच एक लाडू उचलला आणि खाल्ला. लीलाताई तिच्या हाताकडे बघत राहिल्या.

परतीच्या गाडीत रिकामी पिशवी घडी होऊन त्यांच्या मांडीवर होती. बिल्ला काढून त्यांनी मुठीत चुरगाळला होता. गाडीनं डाउनर्स ग्रोव्ह स्टेशन सोडलं.

"नाडकर्णी," त्या म्हणाल्या, "तुमच्या ओट्यावर माझा एक डबा आहे. उभा, कडीचा."

"आहे. रांगेत तिसरा. खरं सांगू, त्यात काय भरून द्यावं ते सुचत नाहीये. सुमन असती तर..."

"रिकामा द्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. अशी सूट त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवेना.

"उद्या सकाळी आणा. चहा घेऊ. उरलेले दहाही आणा, मी येते बरोबर, एकेक घर करू. तेही रिकामेच. कुणी काही बोललं तर मी बघते."

"रेकॉर्डवर घेऊ?" मी विचारलं.

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"नको," त्या म्हणाल्या. "हे आपल्यातच राहू द्या."